मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची क्रूझ: उतरल्यापासून परत चढेपर्यंत कुठे कुठे फसवतात

जहाज संध्याकाळी सुटणार आहे, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक दलालाला ठाऊक असतं. मेक्सिकोच्या बंदरांत क्रूझच्या प्रवाशांची जी फसवणूक होते, ती जवळपास सगळी या एका गोष्टीवर उभी आहे. तुमच्या हातात सहा-सात तास असतात, चार ठिकाणी चौकशी करायला सवड नसते, आणि दुसऱ्या दिवशी भांडायला तुम्ही परत येणार नसता. गॅल्व्हस्टनहून कोझुमेल, कोस्टा माया, प्रोग्रेसो किंवा लॉस एंजेलिसहून काबो सान लुकास, माझात्लान, प्वेर्तो व्हायार्टा या सहली ह्यूस्टन-डॅलस आणि कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं आता सर्रास करतात, पुष्कळदा भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन. त्यांनी जहाजातून उतरण्याआधी हे वाचावं.

सुरुवात घड्याळापासून. कोझुमेल आणि कोस्टा माया ज्या किंताना रो राज्यात येतात, तिथे फेब्रुवारी २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते. उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात मियामीच्या वेळेवर चालणाऱ्या जहाजात पाच वाजलेले असतात तेव्हा कोझुमेलच्या रस्त्यावर चारच वाजलेले असतात. मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवतो आणि माणूस निर्धास्त राहतो. काही जहाजं स्थानिक वेळ घेतात, काही घेत नाहीत, म्हणून उतरतानाच जहाजाची वेळ विचारा आणि ती मोबाइलशी न जोडलेल्या साध्या मनगटी घड्याळात लावा. जहाज सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास, कधी त्याहूनही आधी त्याचं फाटक बंद होतं. सहलवाला 'चारला परत आणतो' म्हणाला, तर कुणाचे चार, हे त्याच्याकडून कागदावर घ्या. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबतं. बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही.

याचा अर्थ बाहेरची सहल घेऊच नये असा नाही. तीच स्नॉर्केलिंगची होडी जहाजाच्या काउंटरवर बरीच महाग पडते, आणि स्थानिक लोकांमध्ये वर्षानुवर्षं चोख काम करणारे पुष्कळ आहेत. ओळखायचं कसं? मेक्सिकोत पर्यटन व्यवसाय करणाऱ्याला राष्ट्रीय पर्यटन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि वाटाड्याकडे केंद्रीय पर्यटन खात्याचं फोटोसकट ओळखपत्र लागतं. दोन्ही मागा, खरा माणूस लगेच दाखवतो. चांगला सहलवाला थोडीच आगाऊ रक्कम घेतो आणि जहाज त्या बंदराला लागलंच नाही तर ती परत मिळेल, असं लिहून देतो. वादळी वाऱ्यामुळे बंदर वगळलं जाणं नवीन नाही, काबोला तर विशेषच, कारण तिथे मोठी जहाजं धक्क्याला न लागता नांगर टाकून उभी राहतात आणि लहान बोटींनी लोकांना नेतात. व्हॉट्सॲपवर पूर्ण पैसे मागणारा आणि तेही परत न फिरवता येणाऱ्या मार्गाने मागणारा माणूस सोडून द्या.

चिचेन इत्सा या माया संस्कृतीच्या प्राचीन नगरीची सहल हा कोझुमेलमधला सगळ्यांत मोठा भुलवणारा माल आहे. हिशेब स्वतः करून पाहा. कोझुमेल बेट आहे, अवशेष मुख्य भूमीवर. प्लाया देल कार्मेनपर्यंत फेरीबोट सुमारे पाऊण तास, तिथून बस अडीच तासांच्या आसपास. जाऊन-येऊन साडेसहा तास रस्त्यातच गेले, रांगा आणि बोटीची वाट वेगळीच. जो 'पाच तासांत दाखवतो' म्हणतो, तो तुम्हाला दुसरंच काहीतरी दाखवणार आहे, किंवा जहाज चुकवणार आहे. 'पिरॅमिडवर चढायला मिळेल' असं सांगणाऱ्यापासूनही लांब राहा. तिथल्या कुकुल्कानच्या पिरॅमिडवर चढायला कित्येक वर्षांपासून बंदी आहे. तुलुमचे अवशेष जवळ आहेत, प्लायापासून तासाभरावर, पण तिथे तिकिटांची गंमत चालते. 'प्रवेश शुल्क समाविष्ट' या शब्दांवर भरवसा ठेवू नका. चिचेन इत्साला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेचं एक आणि युकातान राज्याचं एक अशी दोन वेगळी तिकिटं लागतात. तुलुमला अवशेषांचं, संरक्षित क्षेत्राचं आणि जॅग्वार उद्यानाचं अशी वेगवेगळी शुल्कं आहेत. सहलवाला त्यांतलं एकच धरतो आणि उरलेलं फाटकावर तुमच्याकडून रोख घेतो, पुष्कळदा वाढवून. कोणकोणती तिकिटं धरली आहेत, ती नावानिशी लिहून घ्या. फेरीबोटीचंही तसंच: एका कंपनीचं परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालत नाही. घाई असेल तर फक्त जाण्याचं तिकीट काढा आणि येताना जी बोट आधी सुटेल तिचं घ्या.

स्नॉर्केलिंग '२० डॉलरमध्ये' म्हणून विकतात आणि होडीत बसल्यावर धक्क्याचं शुल्क, सागरी उद्यानाचं मनगटी पट्ट्याचं शुल्क, चष्मा-नळीचं भाडं, लाइफ जॅकेट असं एकेक निघतं. यांतलं उद्यानाचं शुल्क खरं असतं, म्हणूनच बाकीची त्याच्या आडून खपतात. उलट धक्क्यावर उभं राहून कुणी 'पर्यटक कर' मागितला तर एक पैसा देऊ नका. मेक्सिकोने १ जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रत्येक प्रवाशामागे ५ डॉलरचं शुल्क सुरू केलं, पण ते जहाज कंपनीमार्फत वसूल होतं.

आता पैशांबद्दल. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचंच चिन्ह वापरतात. पाटीवर २०० दिसतं, टॅक्सीत चढताना 'टू हंड्रेड' ऐकू येतं, उतरताना ते डॉलर निघतात. एका डॉलरला साधारण १७ ते २० पेसो हा गेल्या काही वर्षांतला भाव धरला, तर फरक किती ते समजेल. कोझुमेलच्या टॅक्सीला मीटर नसतो. भागानुसार ठरलेले दर असतात आणि त्यांचा फलक धक्क्यापाशी लावलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. दार उघडण्याआधी तीन प्रश्न: पेसो की डॉलर, माणशी की गाडीचे, एका बाजूचे की दोन्ही. परतीचे पैसे आधी देऊ नका, 'दोन वाजता इथेच थांबतो' म्हणणारा दिसेनासा होतो. काबोला कमानीसारख्या खडकाजवळच्या किनाऱ्यावर सोडणाऱ्या होड्यांचं उलट आहे. तिथे रस्ता नाही, त्यामुळे जाताना स्वस्तात नेतात आणि परत आणायला वाटेल ते मागतात. म्हणून दोन्ही फेऱ्यांचा भाव आधी ठरवायचा, होडीचं नाव टिपायचं आणि पूर्ण पैसे परत आल्यावर द्यायचे.

कार्डाच्या मशीनवर रुपयांत किंवा डॉलरमध्ये रक्कम दिसली आणि 'स्वीकारा' असं विचारलं, तर नकार देऊन पेसोच निवडा. त्या रूपांतराचा भाव तुमच्या बँकेच्या भावापेक्षा वाईट असतो, आणि भारतीय कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार, साधारण साडेतीन टक्के, वर लागू शकतोच. आईवडिलांच्या भारतीय कार्डाबाबत एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. भारतात जवळपास प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी येतो, म्हणून ते निश्चिंत असतात. परदेशी व्यापाऱ्याने कार्डाचा क्रमांक टाकून केलेला व्यवहार ओटीपीशिवायही होऊ शकतो. बँकेच्या ॲपमधून परदेशातले ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि दुकानातल्या वापराची मर्यादा दिवसापुरती छोटी ठेवा.

उपाहारगृहाच्या बिलात १६ टक्के मूल्यवर्धित कर किमतीतच धरलेला असतो. तो खाली पुन्हा लावला असेल तर कमी करायला सांगा. टीप ऐच्छिक आहे. बिलात छापली म्हणून सक्तीची होत नाही.

जेट स्की आणि स्कूटर यांचा डाव ठरलेला आहे: परत दिल्यावर जुना ओरखडा दाखवून शेकडो डॉलरची भरपाई मागायची. अनामत म्हणून पासपोर्ट घेतलेला असतो आणि जहाज तासाभरात सुटणार असतं, मग माणूस देऊन मोकळा होतो. पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका, अमेरिकेचा व्हिसा त्यातच असतो. घेण्याआधी चारही बाजूंनी, खालच्या पृष्ठभागासकट व्हिडिओ काढा आणि मालकाला त्यात दिसू द्या. मोटार भाड्याने घेताना वेबसाइटवर दिवसाला पाच-सात डॉलर दिसतात ते खरे धरू नका. मेक्सिकोत तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि तो काउंटरवर वेगळा लावतात.

खरेदीत जहाजावरच्या 'शॉपिंग' व्याख्यानाचा नकाशा घेऊन फिरू नका. त्यातली दुकानं जाहिरातीचे पैसे देऊन तिथे आलेली असतात. त्यांच्या मालावर जहाज जी हमी देतं, तिच्यात 'भाव जास्त लावला' ही तक्रार बसत नाही. चांदीच्या नावाखाली अल्पाका विकतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा अंशही नाही. चुंबक लावून काही कळत नाही, कारण अल्पाकाही चुंबकाला चिकटत नाही. ९२५ चा शिक्का खोटाही मारता येतो. आपल्याकडे सराफ वजन करून दर लावतो, तसंच इथेही मागा आणि बिलावर वजन व ९२५ दोन्ही लिहून घ्या. वजन करायला जो तयार नाही त्याचा माल ठेवून द्या. मोठ्या बाटलीत स्वस्तात मिळणारा व्हॅनिलाचा अर्क तर घेऊच नका. त्यात टोंका नावाच्या बियांतलं कुमारिन हे रसायन असू शकतं, जे यकृताला घातक ठरू शकतं आणि अमेरिकेत १९५४ पासून अन्नात घालायला बंदी असलेलं आहे. टकीलाच्या बाटलीवर उत्पादकाचा चार अंकी नोम क्रमांक आणि 'शंभर टक्के अगावे' (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) हे शब्द पाहा.

बंदराजवळच्या औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक किंवा तत्सम गोळ्या घेऊ नका. किनाऱ्यावरच्या शहरांत विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्या बनावट असू शकतात, त्यांत फेंटानिल हे अगदी थोड्या मात्रेतही जीव घेणारं अमली द्रव्य असू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मार्च २०२३ मध्ये दिला होता. इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.

सगळ्यांत खोल खड्डा मात्र टाइमशेअरचा, म्हणजे हॉटेलातली खोली दरवर्षी ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क आगाऊ विकण्याच्या धंद्याचा. फाटकाबाहेर गळ्यात बिल्ला घातलेले, 'पर्यटन माहिती' अशी पाटी लावलेले लोक उभे असतात. हे सरकारी नाहीत, जहाजाचेही नाहीत. जोडप्याला गाठतात, वय, नोकरी, क्रेडिट कार्ड आहे का, हे गप्पांत काढून घेतात. मग फुकट टॅक्सी, निम्म्या भावात सहल, बदल्यात '९० मिनिटांची न्याहारी'. २०-४० डॉलर अनामत घेतात, म्हणजे तुम्ही मध्येच उठणार नाही. तिथे ९० मिनिटांचे तीन-चार तास होतात. टॅक्सी त्यांची असल्याने बाहेर पडायला वाहन नसतं. एक विक्रेता थकला की त्याचा साहेब येतो, आणि किंमत दर वेळी खाली येते, 'फक्त आजच्यापुरती'. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या नावाने तिथेच नवीन क्रेडिट कार्ड काढून पहिला हप्ता त्यावर टाकण्याचीही पद्धत आहे. 'अर्ज फक्त पात्रता पाहायला' असं सांगतात.

सही झालीच असेल तर घाबरून गप्प बसू नका. मेक्सिकोच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सहीपासून कामकाजाच्या ५ दिवसांत करार बिनशर्त रद्द करता येतो आणि भरलेले पैसे परत द्यावे लागतात. 'भेटवस्तू घेतली म्हणून हक्क गेला' किंवा 'हक्क सोडल्याच्या कागदावर सही आहे' हे खोटं. हा हक्क सोडता येत नाही. मंगळवारी सही केली तर शनिवार-रविवार वगळून पुढचा मंगळवार हा पाचवा दिवस. पण विक्रेता 'घरी जाऊन निवांत कळवा' म्हणतो, जहाजावर इंटरनेट महाग असतं, आणि चार दिवस हातोहात जातात. इंटरनेटचे पैसे भरा आणि त्याच रात्री कळवा. पत्रात करार क्रमांक, सहीची तारीख, रद्द करत असल्याचं एक वाक्य, पैसे कुठे परत करायचे ते, आणि ज्यांनी ज्यांनी करारावर सही केली त्या सगळ्यांच्या सह्या. ते करारातल्या ईमेलवर पाठवा, मेक्सिकोची ग्राहक संस्था प्रोफेको हिला प्रत द्या, आणि किनाऱ्यावर पोचताच पोच मिळेल अशा कुरिअरने मूळ पत्र धाडा. तोंडी किंवा फोनवरच्या रद्दीला अर्थ नाही. कार्डाच्या बँकेला 'मला फसवलं' एवढंच सांगितलं तर ती सही दाखवून हात झटकते. मुदतीत रद्द केल्याचा पुरावा जोडून, रद्द केलेल्या सेवेचे पैसे परत मिळाले नाहीत, अशी तक्रार नोंदवा.

मुदत टळली आणि टाइमशेअर गळ्यात पडलं, तर पुढे कधीतरी एक फोन येतो, महिन्यांनी किंवा वर्षांनी. समोरचा अस्खलित इंग्रजी बोलतो, तुमचा करार क्रमांक त्याला माहीत असतो, आणि तुम्ही भरले त्याहून जास्त देणारा खरेदीदार त्याच्याकडे तयार असतो. फक्त आधी मेक्सिकोचा कर भरायचा, मग नोंदणी, मग दंड. अमेरिकेच्या अर्थखात्याने एप्रिल २०२३ मध्ये प्वेर्तो व्हायार्टाच्या अशा कंपन्यांवर निर्बंध घातले, कारण त्यांच्यामागे हालिस्को राज्यातली अमली पदार्थांची टोळी होती. जुलै २०२४ च्या सरकारी इशाऱ्यात २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी बळी आणि जवळपास ३० कोटी डॉलरचं नुकसान असा आकडा आहे. खऱ्या विक्रीत कर विक्रीच्या रकमेतून कापून घेता येतो. विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागितले की फोन ठेवा, क्रमांक आणि ईमेल जपून ठेवा, आणि अमेरिकेत असाल तर एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे द्या. पैसे पाठवून झाले असतील तर आणखी वाट न पाहता त्याच दिवशी बँकेला हस्तांतरण थांबवायला सांगा.