प्लॅटिनम एंजल: सात माना मोजण्यासारखी ढाल आहे का?

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात बचावाची क्रीचर (लढणारी पात्रं) खूप आहेत, पण प्लॅटिनम एंजलसारखं सरळ बोलणारं कार्ड दुसरं सापडत नाही. ती तुमच्या ताब्यात असेपर्यंत तुम्ही डाव हरत नाही आणि समोरचा जिंकत नाही. किंमत सात माना (कार्ड टाकायला मोजायची ऊर्जा), कुठल्याही रंगाचे चालतात. 4/4 (मारण्याची ताकद चार, सोसण्याची म्हणजे टफनेस चार), उडणारी, आर्टिफॅक्ट (वस्तू) क्रीचर. 2003 मध्ये मिरॉडिन संचात रेअर म्हणून आली, 2007 च्या टेन्थ एडिशनमध्ये परत छापली गेली, आणि मॅजिक 2010 व मॅजिक 2011 मध्ये मिथिक रेअर (रेअरहूनही दुर्मिळ) झाली. नागपुरात खेळायचं म्हणजे बहुतेक वेळा चौघांचं कमांडर टेबल (प्रत्येकाचा एक ठरलेला कमांडर असतो तो प्रकार), म्हणून हे सगळं मोजमाप त्याच हिशेबाने आहे.

आधी ती नेमकं काय अडवते ते पाहू, कारण टेबलावर सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. आयुष्य शून्यावर किंवा उणेमध्ये गेलं, दहा पॉयझन काउंटर झाले, रिकाम्या लायब्ररीतून (ओढायच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून) कार्ड ओढावं लागलं, एकाच कमांडरचं 21 डॅमेज बसलं, तरी तुम्ही डावात राहता. आयुष्य मात्र खरोखर उतरत जातं, शून्यावर थांबत नाही. उणे पंधरा असेल तर कागदावर उणे पंधराच लिहायचं. आयुष्य शून्यावर किंवा खाली असताना आयुष्य मोजून करायची कुठलीही गोष्ट करता येत नाही. स्वतःहून हार मानलीत तर एंजल वाचवत नाही, आणि डाव बरोबरीत सोडवणाऱ्या परिणामालाही ती अडवत नाही.

दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. समजा एका खेळाडूने स्वतःची लायब्ररी संपवून थासाज ओरॅकल (लायब्ररी रिकामी असेल तर डाव जिंकून देणारं कार्ड) टाकली. एंजल टेबलावर असेल तर ओरॅकलचा परिणाम सुटतो, पण जिंकणं होत नाही. बाकीचे दोघेही वाचतात. आणि त्या खेळाडूकडे उपाय नसेल, तर त्याच्या पुढच्या टर्नला रिकाम्या लायब्ररीतून कार्ड ओढावं लागून तोच बाहेर जातो. अशा कॉम्बोंनी (एकत्र येऊन डाव संपवणाऱ्या कार्डांनी) भरलेल्या टेबलावर ही एकटी बाई डावाचा नूर पालटते. अनंत डॅमेजच्या कॉम्बोपुढे मात्र हा भरवसा धरू नका. हवं त्याला एकेक डॅमेज मारणारी वॉकिंग बॅलिस्टा असेल तर समोरचा पहिले चार डॅमेज एंजललाच मारेल आणि उरलेले तुम्हाला.

कारण चारची टफनेस, हेच तिचं दुखणं. शिवाय ती क्रीचरही आणि आर्टिफॅक्टही, म्हणजे दोन्ही प्रकारचे उपाय तिच्यावर चालतात. स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स एका मानात तिला हद्दपार करतं, डिसेन्चँट दोनमध्ये फोडतं, व्हँडलब्लास्ट ओव्हरलोड केलं (जास्त माना देऊन सगळ्यांवर लावलं) तर तुमच्या बाकीच्या आर्टिफॅक्टांसकट ती जाते. आर्टिफॅक्ट असण्याचा इथे फायदा एवढाच, की टेरर आणि गो फॉर द थ्रोट ही क्रीचर मारणारी कार्डं तिला लागत नाहीत. डूम ब्लेड लागतं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक खेळाडू तिला शेवटचा आधार म्हणून उतरवतात: आयुष्य चार-पाचवर आलंय, तीन जण अंगावर येतायत, मग सात माना टाकून एंजल. पुढचे दोन टर्न मजेत जातात, आयुष्य उणेमध्ये उतरतं, आणि तिथून पुढे टेबलावरचा प्रत्येक साधा रिमूव्हल (समोरचं कार्ड हटवणारं कार्ड) तुम्हाला संपवणारं कार्ड होतो. कुणी ॲक्ट ऑफ ट्रेझन टाकून तिला एका टर्नसाठी पळवलं, कुणी सायक्लोनिक रिफ्टने हातात परत पाठवलं, की त्याच क्षणी तुम्ही हरलात. एंजलला लागणारं डॅमेज आणि तुमचं आयुष्य संपवणारं डॅमेज एकदम बसलं तरी निकाल तोच: ती ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जाते, आणि कोण हरलं याच्या पुढच्याच तपासणीत तुम्हीही बाहेर.

म्हणून तिला चांगल्या आयुष्यावर असताना उतरवा, आणि नंतरही ती नाहीच असं धरून ब्लॉक करत राहा. वीसवर असलेल्याची एंजल गेली तर त्याचं एक कार्ड जातं. उणे तीनवर असलेल्याचा डाव जातो.

यातला एक धोका फार कमी जणांच्या लक्षात येतो. टेफेरीज प्रोटेक्शन हे तिच्यासोबतचं हमखास कार्ड समजलं जातं, पण त्याने तुमचं टेबलावरचं सगळं फेज आउट होतं (काही काळ टेबलावर नसल्यासारखं धरलं जातं), एंजलसुद्धा. फेज आउट झालेली एंजल तुम्हाला वाचवत नाही. आयुष्य उणेमध्ये असताना ते कार्ड टाकलंत तर तुम्ही स्वतःच स्वतःला बाहेर काढता.

तिला उतरवायचा हिशेब असा. दर टर्नला एक लँड (एक माना देणारं कार्ड) पडली तर सातवा टर्न, आणि चौघांच्या टेबलावर तो उशीर आहे. पहिल्या टर्नला सोल रिंग पडली तर पाचव्या टर्नला पाच लँडचे पाच आणि रिंगचे दोन मिळून सात होतात. त्यात दोन मानाचं, एक माना वाढवणारं एखादं सिग्नेट आधी बसलं तर चौथ्यावर. चौथ्या टर्नला तीन माना देणारा थ्रान डायनॅमो टाकला तर पाचव्याला आठ माना हातात असतात. डेकमध्ये असे माना देणारे आठ-दहा दगड नसतील तर हे कार्ड घेऊ नका, हातात अडकून पडतं.

संरक्षण तिच्या आधी टेबलावर हवं, नंतर नव्हे. लाइटनिंग ग्रीव्ह्ज (क्रीचरला बांधायचं साधन) दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला टाकून ठेवा, म्हणजे एंजल येताच शून्य मानात ती पायात जाते. पण ग्रीव्ह्ज श्राउड देते (तिला कुणालाच टार्गेट करता येत नाही), आणि श्राउडमध्ये तुम्हालाही तिच्यावर काही बांधता येत नाही. तिला न तुटणारी करणारी डार्कस्टील प्लेट चढवायची तर ग्रीव्ह्ज आधी दुसऱ्या क्रीचरला द्यावी लागते, प्लेट दोन मानात बांधायची, मग ग्रीव्ह्ज परत. टेबलावर एंजल एकटीच असेल तर हे जमतच नाही. म्हणून प्लेट खेळणाऱ्यांनी स्विफ्टफुट बूट्स घ्यावेत. बांधायला एक माना जातो, पण त्यांचं हेक्सप्रूफ फक्त विरोधकांना अडवतं, आपल्या हाताला नाही. फेअरवेल आणि ओव्हरलोड केलेली सायक्लोनिक रिफ्ट यांच्यापुढे मात्र यातलं काहीच टिकत नाही. ते टार्गेट करत नाहीत आणि तोडतही नाहीत.

तिने ब्लॉक करू नये. 5/5 ड्रॅगनसमोर उभी केली तर हात जोडून निरोप द्यावा लागेल. अटॅक मात्र करता येतो, कारण टॅप झाली (अटॅकसाठी आडवी केली) तरी तिचं काम चालूच राहतं. समोर उडणारा ब्लॉकर नसेल तर दर टर्नला चार डॅमेज फुकट सोडू नका.

प्लॅटिनम एम्पिरियनशी तुलना होतेच. एम्पिरियन आठ मानांची, 8/8, आणि तुमचं आयुष्य बदलूच देत नाही. अंगाने दणकट, पण पॉयझन, संपलेली लायब्ररी आणि कमांडरचं 21 डॅमेज तिच्या बाजूने आरामात निघून जातं. दोन्हींतलं एकच घ्यायचं तर एंजल घ्या.

सगळ्यात चांगली शोभते ती आर्टिफॅक्टच्या डेकमध्ये. मास्टर ट्रान्सम्युटरने एक स्वस्त आर्टिफॅक्ट हातात घेऊन एका निळ्या मानात तिला उतरवता येतं. ट्रॅश फॉर ट्रेझर किंवा गॉब्लिन वेल्डर तिला ग्रेव्हयार्डमधून ओढतात. ॲकॅडमी रुइन्स तिला लायब्ररीवर परत ठेवते. एकदा मेली की कायमची गेली असं ज्या डेकमध्ये होतं, तिथे सात माना हा फार मोठा खर्च आहे. पॅक्ट ऑफ निगेशनसोबतची जोडीही उपयोगी: पुढच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) त्याचे पाच माना नाही भरले तरी हार लागत नाही.

विकत घेताना फॉइलचा मोह टाळा, निदान नागपुरात. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी हवा आणि खोलीत कुलरचा ओला वारा, या दोन्हींत कागद फुगतो-आक्रसतो, वरचा फॉइलचा थर तसाच राहतो, आणि कार्ड वाकतं. वाकलेलं कार्ड डेकमध्ये पाठीमागूनही ओळखू येतं, आणि स्पर्धेत ते खुणेचं कार्ड ठरतं. साधी प्रत घ्या, 66 बाय 91 मिलिमीटरच्या स्लीव्हमध्ये घाला, डबा कुलरच्या झोतापासून लांब ठेवा.

सुटी प्रत समोरासमोर घेत असाल तर ती नकली नाही ना हे पाहायला पैसे देण्याआधी मागची बाजू भिंगाखाली धरा. इतवारीच्या सराफ्यात मिळणारं दहा पटीचं भिंग कमी पडतं, तीस पटीचं लागतं. मागच्या पाच रंगीत ठिपक्यांपैकी हिरव्यात चार बारीक लाल ठिपके काटकोनात बसलेले दिसले पाहिजेत. तिथे नुसता पसरट रंग किंवा विस्कटलेले ठिपके दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा.