सबवूफरची पॉवर वायर: किटमधली सीसीए, ओएफसी की वेल्डिंग केबल?

डिकीत 500 वॉटचा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर) आणि 12 इंची सबवूफर बसवायचं ठरलं की स्पीकर कुठला, बॉक्स केवढा, ॲम्प कुणाचा यावर आठवडाभर खल होतो. वायर मात्र दुकानदार देईल ती. नागपुरात बर्डी असो, सदर असो की मानेवाडा, काउंटरवर बहुतेक वेळा येतं ते पाकीटबंद 'ॲम्प्लिफायर वायरिंग किट', आणि त्यावर ठसठशीत अक्षरात '8 गेज, 2000 वॉट'. या किटमधली वायर बहुतेकदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. तिच्याखेरीज दोन पर्याय नागपुरात सहज मिळतात: मीटरवर विकली जाणारी तांब्याची ओएफसी (ऑक्सिजन-फ्री कॉपर) केबल आणि तांब्याची वेल्डिंग केबल.

माझं मत आधीच सांगतो. 400 ते 600 वॉट आरएमएसच्या (म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या ताकदीच्या) एका सबवूफरसाठी खरं 20 ते 25 स्क्वेअर एमएम तांबं घ्या. ते ओएफसीच्या लाल वेष्टणात आलं काय किंवा वेल्डिंग केबलच्या काळ्या रबरात आलं काय, करंटला फरक पडत नाही. सीसीएची किट फक्त सीटखालच्या छोट्या सबवूफरपुरती ठीक आहे.

आता हिशेब. ॲम्पवर छापलेल्या वॉटकडे बघू नका, त्याच्या बाजूला खोचलेले फ्यूज बघा. 30-30 चे दोन फ्यूज असतील तर तो ॲम्प साधारण 60 अँपिअरच्या वर सतत खेचू शकत नाही. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या, ॲम्पची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 13.8 व्होल्टला त्यातून साडेसहाशे वॉटच्या आसपास निघतात, मग खोक्यावर 2000 लिहिलेलं असो की 3000. उलट बाजूने मोजलं तर खऱ्या 500 वॉटसाठी साधारण 45 अँपिअर लागतात. जुना, जास्त वीज वाया घालवणारा क्लास एबी ॲम्प असेल तर तेवढ्याच आवाजासाठी 65 च्या आसपास.

हॅचबॅकमध्ये बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं धरून 5 मीटर वायर लागते. 45 अँपिअर वाहत असताना फक्त पॉझिटिव्ह वायरमध्ये वाया जाणारे व्होल्ट असे येतात:

25 स्क्वेअर एमएम तांबं: 0.15 व्होल्ट
4 गेज तांबं (21 स्क्वेअर एमएम): 0.18 व्होल्ट
4 गेज सीसीए: 0.29 व्होल्ट
8 गेज तांबं (8.4 स्क्वेअर एमएम): 0.46 व्होल्ट
8 गेज सीसीए: 0.74 व्होल्ट

गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे लक्षात असू द्या. सीसीएचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीड ते 1.6 पट. म्हणून 4 गेजची सीसीए कामाला 6 गेजच्या तांब्याएवढीच पडते.

हे आकडे बघून कुणी म्हणेल, पाऊण व्होल्टनं काय बिघडतं? आवाजापुरतं बोलायचं तर फार नाही. पाऊण व्होल्ट कमी पोचले तर ॲम्पची ताकद दहाएक टक्क्यांनी घटते आणि तेवढा फरक कानाला जवळजवळ कळत नाही. जाड तांब्यानं बास 'गोड' होतो असं सांगून कुणी महागडी केबल गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. तांबं घ्यायचं ते सुरक्षिततेसाठी.

कारण वरचा हिशेब वायर खरोखर 8 गेजची आहे असं धरून केलाय. स्वस्त किटमध्ये जाड दिसतं ते बरेचदा प्लास्टिक असतं. आत धातू 4 स्क्वेअर एमएमच निघाला, तोही सीसीए, तर त्याच 45 अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातात आणि कार्पेटखाली 70 वॉट उष्णता तयार होते. दोन सोल्डरिंग आयर्न पायपुसण्याखाली चालू ठेवल्यासारखं आहे हे. त्यात किटसोबत येणारा फ्यूज 60 किंवा 80 अँपिअरचा. फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर 30 अँपिअरलाच तापणारी असेल तर 80 चा फ्यूज शेवटपर्यंत उडणार नाही, आधी वायरचं वेष्टण वितळेल. वायरचं खरं क्षेत्रफळ माहीत नसेल तर फ्यूज किती अँपिअरचा लावायचा हे ठरवताच येत नाही. माझा किटवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

नागपुरात यात उन्हाचीही भर पडते. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्क्यानं वाढतो आणि कोष्टकातले आकडे 20 अंशाचे असतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर, गाडी उन्हात उभी, वायर बोनेटखालून गेलेली. तिथे 70 अंश धरले तर रोध 20 टक्क्यांनी वाढलेला असतो. साध्या पीव्हीसीच्या घरगुती वायरचं वेष्टण 70 अंशांपर्यंतच चालतं, म्हणून घर बांधताना उरलेलं बंडल गाडीत टाकायचा मोह आवरा. गाडीसाठीच्या चांगल्या केबलच्या वेष्टणावर 105 अंश छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या.

खरी-खोटी पारखायची कशी? दुकानातच वायरचं टोक सोलून एक बारीक तार बाहेर काढा आणि ब्लेडनं खरवडा. तांब्याची तार आतूनही तांबडी निघते, सीसीए आतून चंदेरी दिसते. तीच तार लायटरच्या ज्योतीत धरली तर सीसीए वितळून तुटते आणि तांबं लाल होऊन तसंच राहतं. यापेक्षा खात्रीचा उपाय वजनकाट्याचा. 4 गेजच्या एक मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच 190 ग्रॅमच्या आसपास असतं, वेष्टणाचं वजन वेगळं. सीसीए असेल तर धातू भरतो जेमतेम 75 ग्रॅम. एक मीटरचं वेटोळं शेजारच्या किराण्याच्या काट्यावर ठेवा. वेष्टणासकट ते दीडशे ग्रॅमही भरलं नाही, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ती 4 गेजची तांब्याची वायर नाही. जो दुकानदार वायर सोलू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

सीसीएला सरसकट वाईट म्हणणं मात्र बरोबर नाही. सीटखाली बसणारा, ॲम्प आतच असलेला सबवूफर 10-15 अँपिअरच्या फ्यूजवर चालतो. त्याला खरी 8 गेजची सीसीए पुरून उरते, तिथे तांब्यावर खर्च नको. मोठ्या करंटला तिची दुसरी अडचण सांध्यांची आहे. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबून ठेवलं की हळूहळू पसरतं, सांधा सैल पडतो आणि तिथेच तापतो. वापरलीच तर ॲम्पच्या टर्मिनलचे स्क्रू महिन्याभरानं आणि त्यानंतरही अधूनमधून कसत राहा.

ओएफसी आणि वेल्डिंग केबल यातली निवड खरं तर खिशाची आणि हौसेची आहे. ओएफसी मऊ असते, लाल-काळ्या रंगात मिळते, कार्पेटखाली नीट बसते, तिच्या मापाचे फ्यूज होल्डर आणि लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) सहज मिळतात. 'ऑक्सिजन-फ्री' या शब्दासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. बॅटरीच्या 12 व्होल्टला साधं शुद्ध विद्युत तांबंही तेवढंच चालतं. कल्हईवाली, म्हणजे प्रत्येक तारेवर कथलाचा थर असलेली ओएफसी खाऱ्या हवेत गंजत नाही. गाडी रत्नागिरीत राहणार असेल तर ती जरूर घ्या, विदर्भाच्या कोरड्या हवेत तिची निकड नाही.

माझा स्वतःचा कल वेल्डिंग केबलकडे आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे हा माल नवखा नाही, आणि वेल्डिंगचं सामान विकणारा दुकानदार गेज न बोलता सरळ 16, 25, 35, 50 स्क्वेअर एमएम बोलतो. मापातली फसवणूक तिथेच निम्मी संपते. या केबलमध्ये केसासारख्या बारीक शेकडो तारा असतात, त्यामुळे जाड असूनही ती वळते. रबरी वेष्टण उष्णता आणि तेल दोन्ही सोसतं. मागताना 'एचओएफआर' (उष्णता, तेल आणि आगीला दाद न देणाऱ्या) वेष्टणाची मागा. सावधगिरी एकच: वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही मिळते आणि ती खूप स्वस्त असते. "भाऊ, कॉपरचीच द्या" असं स्पष्ट सांगा आणि तरी काट्यावर ठेवाच. 25 स्क्वेअर एमएमच्या एका मीटरमध्ये 224 ग्रॅम तांबं हवं. तिची उणी बाजू म्हणजे बाहेरून ती जाडजूड दिसते आणि कार्पेटखाली फुगवटा येतो. काळ्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, म्हणजे उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं तरी गोंधळ होणार नाही.

याच खरेदीत कुणीतरी एक फॅराडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा डबा) सुचवतो. 13.8 वरून 12.8 व्होल्टवर येताना तो जेवढी ऊर्जा देतो, ती 500 वॉटच्या ॲम्पला सेकंदाचा चाळिसावा भागसुद्धा पुरत नाही. ते पैसे तांब्यात घाला.

1000 वॉटच्या पुढे जायचं असेल तर प्रश्न वायरवरच थांबत नाही. 90 अँपिअर लागणार, म्हणजे 35 ते 50 स्क्वेअर एमएम तांबं. पण छोट्या गाडीचा अल्टरनेटरच (इंजिनवर चालणारा जनरेटर) मुळात साधारण 70 ते 90 अँपिअरचा असतो. उन्हाळ्यात व्हेरायटी चौकात सिग्नलला उभे आहात, एसी पूर्ण, कंडेन्सरचा पंखा चालू आणि इंजिन आयडलवर. त्या वेळी अल्टरनेटर पूर्ण करंट देतही नाही, त्यामुळे बास पडला की हेडलाईट डुलतात. हे डुलणं ॲम्पची वायर जाड करून थांबत नाही. त्यासाठी आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायर जाड करतात आणि त्यानंतर मोठ्या अल्टरनेटरचा विचार करतात.

वायर कुठलीही निवडा, बसवताना काही गोष्टींत तडजोड नको. मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कुठलंच संरक्षण नसतं. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर यावर वादही नको, आणि वायर टाकी व तिच्या नळ्यांपासून दूर न्या. काचेच्या नळीचा फ्यूज टाळा, नटबोल्टनं कसला जाणारा एएनएल किंवा मिडी फ्यूज घ्या. 500 वॉटला 60 चा पुरतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू देऊ नका. पत्र्याच्या धारेनं वेष्टण कापलं की थेट शॉर्ट. बोनेटखाली उंदरांचा त्रास ठाऊक आहेच, म्हणून तिथे वरून नागमोडी प्लास्टिकची नळी चढवा. लग हातोडीनं चेपू नका, हायड्रॉलिक क्रिम्परनंच दाबून घ्या.

अर्थची वायर (ॲम्पचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी) पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, लांबीला जमेल तितकी कमी, आणि बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केलेला. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. आयडल स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर एक सेन्सर असतो. त्यांच्यात बोनेटखाली कुठलीही जास्तीची अर्थ वायर थेट बॅटरीच्या खुंटीला लावली तर सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि चार्जिंगचं गणित बिघडतं. ती बॉडीलाच लावा.

गाडी ताब्यात घेण्याआधी फिटरसमोरच मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा ॲम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. त्यासाठी एक लांब बारीक वायर तात्पुरती जोडून घ्यावी लागेल. इंजिन चालू ठेवून 50 हर्ट्झचा टोन थोडा वेळ मोठ्यानं वाजवा. मीटरवर दिसतो तो वायर, फ्यूज आणि सांधे यांनी मिळून खाल्लेला व्होल्टेज. चांगल्या 25 स्क्वेअर एमएमला तो पाव व्होल्टच्या आसपास राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर फ्यूज होल्डर आणि लग हातानं चाचपा, जो गरम लागेल तो सांधा पुन्हा करून घ्या. मग तेच मोजमाप ॲम्पचा निगेटिव्ह ते बॅटरीचा निगेटिव्ह असं करा. पॉझिटिव्हला पाव आणि अर्थला पाऊण व्होल्ट येत असेल तर नवी वायर घेऊ नका, अर्थचा बोल्ट उघडून पत्रा पुन्हा घासायला सांगा.