लॅमिनेट फ्लोअरिंगची बसवणी (राजारामपुरी, कोल्हापूर): जोड चोख, चौकटीशी चूक

कारागिरानं केलेलं ८ मिमी जाडीच्या लॅमिनेट फळ्यांचं काम. फळ्यांच्या पेट्या ४८ तास खोलीतच आडव्या ठेवल्या. इथल्या पावसाळी दमट हवेत हे टाळून चालतच नाही. खोलीची रुंदी मोजून पहिली ओळ उभी चिरून घेतली, त्यामुळे शेवटी भिंतीलगत दोन इंचांची चिंधी उरली नाही. उरलेला तुकडा ३० सेंमीपेक्षा लांब असेल तरच त्या तुकड्यानं पुढची ओळ सुरू केली. शेजारच्या दोन ओळींचे जोड फुटाच्या आत कुठेच नाहीत. ते जवळ आले की लॉकवर (फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेवर) ताण येतो, फट उघडते. फार सुबक काम! भिंतीकडेनं १० मिमी जागा सोडली, पण दाराच्या चौकटीला फळी घट्ट टेकवली. फळ्या दमट हवेनं फुगल्या की तिथे जागा नसल्यानं फुगवटा येऊ शकतो. चौकट खालून कापून फळी आत सरकवायला कारागिराला सांगा.