सी ड्राइव्हला जागा हवी: विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट, जीपार्टेड लाइव्ह, मिंट की सिस्टिमरेस्क्यू?

"काका, सी ड्राइव्ह लाल झालाय आणि डी नुसता रिकामा पडलाय. त्यातली थोडी जागा इकडे सरकवता येत नाही का?"

शेजारच्या मुलाचा प्रश्न. माणसं बदलतात, प्रश्न हाच असतो. बहुतेक जण माझ्याकडे येईपर्यंत कुठून तरी जीपार्टेडचा (डिस्कचे भाग लहान-मोठे करणारं, सरकवणारं साधन) पेनड्राइव्ह बनवून मोकळे झालेले असतात आणि मध्येच अडकतात. कुणाला डिस्कच दिसत नाही, कुणाला पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागावर, कुलूप दिसतं, कुणाची स्क्रीन काळी पडते. मग सगळा दोष बिचाऱ्या लाइव्ह सीडीवर. (लाइव्ह सीडी म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम. सीडी कधीच गेली, नाव मात्र राहिलं. मीही तेच वापरतो.)

माझा अनुभव असा की यातली निम्मी भांडणं लाइव्ह सीडीची नसतातच, विंडोजने मागे ठेवलेली असतात. त्यामुळे कोणतं साधन चांगलं यापेक्षा आपलं नेमकं कुठे अडलंय ते आधी बघावं.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट: आधी इथेच बघा

लोक याला फारच लवकर सोडून देतात. सी वर राइट क्लिक केलं, "एक्स्टेंड व्हॉल्यूम" करड्या रंगात दिसलं, की संपलं. त्याचं कारण साधं आहे. सी ला वाढायला मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे लागते. तुम्ही डी "श्रिंक" केलात तर जागा सुटते डी च्या शेपटीकडे, आणि सी व डी यांच्यामध्ये काहीच येत नाही. मध्ये भिंत तशीच, तिच्या पलीकडची खोली तेवढी लहान झाली.

पण डी मध्ये सामान थोडंच असेल तर ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, डी पूर्ण उडवा, सी हवा तेवढा वाढवा आणि उरलेल्या जागेत नवा डी करा. लाइव्ह सीडी लागत नाही, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) शिरावं लागत नाही. एकच पथ्य: डी उडवण्याआधी कॉपी केलेल्या दोन-चार फायली उघडून बघायच्या. आणि डी मध्ये कुठला प्रोग्राम इन्स्टॉल केलेला असेल तर तो आधी काढायचा.

सी च लहान करायचा असेल, समजा शेजारी लिनक्स टाकायचंय म्हणून, तर तिथेही पहिली पसंती विंडोजलाच. त्याची अडचण वेगळी: दोनशे जीबी रिकामे असताना तो तीस जीबीच सोडायला तयार होतो. हलवता न येणारी एखादी फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते. बहुधा पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधली की कोणती फाइल आडवी आली तिचं नाव मिळतं. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला की बऱ्याचदा गाडी पुढे सरकते.

डिस्क मॅनेजमेंटला पार्टिशन मुळात सरकवताच येत नाही, आणि लिनक्सच्या एक्स्ट४ वगैरे फाइल सिस्टिमशी (पार्टिशनमध्ये फायली मांडण्याच्या पद्धतीशी) त्याचं देणंघेणं नाही. तिथून पुढे लाइव्ह सीडीचा प्रांत.

जीपार्टेड लाइव्ह: एकच काम, पण सरकवण्याचं

डेबियन या लिनक्सवर उभी असलेली ही छोटी इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची फाइल) मी सगळ्यात जास्त वापरतो. सुरू होताना कीमॅप (कीबोर्डची मांडणी) आणि भाषा विचारते. नुसतं एंटर दाबत गेलं तरी चालतं. मेनूत रॅममध्ये चढवण्याचा पर्याय आहे. जुना, डळमळीत पेनड्राइव्ह असेल तर तो घ्या, म्हणजे काम चालू असताना पेनड्राइव्ह रुसला तरी सिस्टिम जागेवर राहते. स्क्रीन काळी पडली तर त्याच मेनूतला सेफ ग्राफिक्सचा पर्याय. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तो लागण्याची शक्यता जास्त.

नवखे दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे इथे केलेले बदल लगेच होत नाहीत. ते खाली रांगेत उभे राहतात आणि वरची हिरवी बरोबरची खूण दाबल्यावरच डिस्कला हात लागतो. "मी केलं होतं, पण काहीच झालं नाही" म्हणणाऱ्या माणसाने ती खूण दाबलेली नसते. दुसरं म्हणजे कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह. याचा अर्थ पार्टिशन वापरात आहे. राइट क्लिक करून "अनमाउंट" (वापरातून मोकळं) किंवा लिनक्सचं स्वॅप असेल तर "स्वॅपऑफ" केलं की कुलूप निघतं.

आता खरी गोम. डी ची सुरुवात उजवीकडे सरकवायची म्हणजे डेटा प्रत्यक्ष उचलून पुढे नेऊन ठेवायचा. आणि सरकवताना जीपार्टेड फक्त भरलेला भाग उचलत नाही, पार्टिशनचा रिकामा भागही तेवढ्याच निष्ठेने कॉपी करतं. समजा डी ८०० जीबीचा आहे, त्यात १२० जीबी भरलेत आणि सी ला १०० जीबी द्यायचेत. थेट डी ची डावी कड ओढली तर ७०० जीबी सरकणार. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला ५० एमबी धरले तरी पावणेचार तासांच्या वर. त्याऐवजी आधी डी उजव्या कडेने १३० जीबीपर्यंत आवळा, मग तो पुढे सरकवा, मग पुन्हा उजवीकडे पसरू द्या. त्याच हिशेबाने सरकवायला पाऊण तास. मात्र प्रत्येक पायरीनंतर हिरवी खूण दाबा. तिन्ही पायऱ्या एकदम रांगेत लावल्यात तर एकाच पार्टिशनवरचे हे बदल एकत्र होऊन पुन्हा तेच लांबलचक सरकवणं वाट्याला येऊ शकतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. एकदा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर रात्री सरकवायला लावलं आणि झोपलो. मध्यरात्री लाइट गेली. सकाळी अर्धा डी जुन्या जागी, अर्धा नव्या जागी, आणि फाइल सिस्टिम दोन्हीकडची नाही. टेस्टडिस्क जीपार्टेड लाइव्हमध्येच असतं, तेही चालवून पाहिलं. पण टेस्टडिस्क हरवलेल्या पार्टिशनचा पत्ता शोधून देतं, इथे पत्ता माहीत होता, घरच दोन तुकड्यांत होतं. काही फोटो वाचवता आले, बाकी गेलं. तेव्हापासून बॅटरी मेलेला लॅपटॉप किंवा यूपीएस नसलेली मशीन दिसली की मी सरकवण्याचं नाव काढत नाही. आपल्याकडे विजेचा भरवसा किती, हे वेगळं सांगायला नको.

डी उडवून नव्याने करणं आणि सरकवणं यात निवड करायची वेळ आली तर बाहेरची हार्ड डिस्क हाताशी असताना मी कायम पहिलं करतो. कारण बॅकअप दोन्हीकडे घ्यावाच लागतो. एकदा बॅकअप घेतलाच, तर सरकवायचं कशाला?

सरकवणं खरोखर शोभतं ते सी आणि डी च्या मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन अडकलेलं असतं तेव्हा. डी उडवूनही "एक्स्टेंड" करडंच राहतं, कारण शेजारी मोकळी जागा नाही, रिकव्हरी आहे. ते लहानसं असतं, काही मिनिटांत सरकतं. विंडोजमध्ये अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवरून आधी "रीएजंटसी" या कमांडने रिकव्हरी डिसेबल करायची, जीपार्टेडमध्ये सरकवायचं, परत येऊन रिकव्हरी एनेबल करायची.

मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह: तेच जीपार्टेड, पण घरासारखं

लिनक्स मिंटच्या लाइव्ह सत्रातही जीपार्टेड असतंच. मग वेगळी इमेज कशाला? जो पहिल्यांदा हे करतोय त्याला मी मिंटच देतो. वाय-फाय चालतं, ब्राउझर आहे, अडलं तर तिथल्या तिथे शोधता येतं. फाइल मॅनेजर ओळखीचा, त्यामुळे डी मधलं सामान बाहेर काढणं सोपं. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी बायॉसमधली सुरक्षा) चालू ठेवूनही मिंट बूट होतं, ही बाब आजच्या लॅपटॉपवर मोठी आहे.

तोटे? इमेज कित्येक पट मोठी, चार जीबी रॅमच्या मशीनवर कुंथते. आणि फाइल मॅनेजरमध्ये सहज डी उघडून पाहिला की तो माउंट होतो, मग जीपार्टेडमध्ये कुलूप दिसतं आणि माणूस गोंधळतो. बघून झालं की अनमाउंट करायची सवय लावा.

सिस्टिमरेस्क्यू: डिस्कच आजारी असेल तर

आर्च लिनक्सवरची ही इमेज सरळ काळ्या टर्मिनलवर आणून सोडते. "स्टार्टएक्स" टाइप केलं की एक्सएफसीई डेस्कटॉप येतो आणि तिथेही जीपार्टेड आहे. पण नुसत्या पार्टिशनसाठी ही घेऊ नका. हिची खरी किंमत कळते ती जीपार्टेड मध्येच वाचनाची चूक सांगून थांबतं तेव्हा.

तेव्हा पुन्हा प्रयत्न करायचा नाही. "स्मार्टसीटीएल" चालवून डिस्कची तब्येत बघायची. रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरसमोरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्याच्या वर सरकत असतील तर सरकवासरकवी विसरा आणि "डीडीरेस्क्यू"ने अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवून घ्या. तो आधी धड भाग काढून घेतो आणि बिघडलेल्या जागांशी नंतर झुंजतो. असं मोठ्या डिस्कवर उतरवल्यानंतर जीपार्टेड उघडलं की ते म्हणतं, सगळी जागा वापरात दिसत नाही, दुरुस्त करू का? जीपीटी तक्त्याची (पार्टिशनांच्या यादीची) दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते, ती आता मध्येच पडलेली असते, म्हणून हा प्रश्न. "फिक्स" म्हणा.

सिस्टिमरेस्क्यूसाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि इथे बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनचं, प्रकरण सुरू होतं.

कोणतीही सीडी घेतली तरी आड येणाऱ्या गोष्टी

बिटलॉकर लावलेलं पार्टिशन जीपार्टेडला ओळखता येतं, पण लहान-मोठं करता येत नाही. "मी कधी बिटलॉकर लावलंच नाही" यावर जाऊ नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की होममध्येही एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. बायॉसला हात लावण्याआधी रिकव्हरी की खात्यातून बघून कागदावर लिहून घ्या. नाहीतर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ४८ आकडी की मागत बसेल. एन्क्रिप्टेड ड्राइव्हसाठी डिस्क मॅनेजमेंट बरं, कारण विंडोजच्या आतून तो ड्राइव्ह उघडलेला असतो.

फास्ट स्टार्टअप हा दुसरा. विंडोज "शट डाउन" केलं तरी ते पुरतं झोपत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. मग जीपार्टेडमध्ये एनटीएफएससमोर (विंडोजच्या फाइल सिस्टिमसमोर) पिवळा त्रिकोण येतो आणि रिसाइज नाकारलं जातं. शट डाउन न करता रीस्टार्ट करून थेट पेनड्राइव्हवरून बूट करा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. तरीही कुरकुर राहिली तर विंडोजमध्ये चेकडिस्क चालवून दोनदा रीस्टार्ट करा. एकदा नव्हे, दोनदा. रिसाइज करणारं जीपार्टेडच्या पडद्यामागचं साधन स्वतःच तसं ठासून सांगतं.

डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये स्टोरेज कंट्रोलर इंटेल आरएसटीच्या रेड मोडवर असण्याची शक्यता मोठी. तो एएचसीआय या साध्या मोडवर आणावा लागतो, पण नुसता बदललात तर विंडोज निळ्या स्क्रीनवर आपटतं. आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगा, मग बायॉसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा. रिकव्हरी की इथेही हाताशी हवी.

आणि बूट होतानाच "लाइव्ह फाइल सिस्टिम सापडली नाही" असं आलं तर डिस्कला दोष देऊ नका. इमेज अर्धवट उतरलीय किंवा पेनड्राइव्ह नीट लिहिला गेला नाही. चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रूफसमध्ये डीडी पद्धतीने पुन्हा लिहा, आणि जमलं तर दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा.

शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर डी मध्ये निघाले चाळीस जीबी, तेही बहुतेक सिनेमे. बाहेरच्या डिस्कवर काढले, डी उडवला, सी वाढवला, नवा डी केला. जीपार्टेडचा पेनड्राइव्ह त्याने हौसेने बनवून आणला होता, तो तसाच खिशात राहिला.