एसएस (स्टेनलेस स्टील) ४२० ची पट्टी : विळीच्या पात्यासाठी दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या लहान कारखान्यात विळ्या तयार होतात आणि त्यांची पाती आम्ही वर्षानुवर्षे गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून घडवत आलो. पाट्याचे पोलाद चिवट असते, धारही उत्तम धरते. परंतु कैरी, कोकम किंवा मासळी कापल्यावर विळी पुसायची राहिली की पाते काळे पडते आणि पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर गंज चढतो. या तक्रारीवर उपाय म्हणून आम्ही ४० मिमी रुंद व ५ मिमी जाड अशी ४२० जे२ प्रकारची स्टेनलेस पट्टी घेतली. तिचे वजन मीटरला दीड किलोहून किंचित अधिक भरते.

स्टेनलेस म्हटले की बहुतेकांच्या मनात ३०४ प्रकारचे पोलाद येते. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असल्याने ते गंजाला चांगले तोंड देते, पण तापवून विझवले, म्हणजे झटकन थंड केले, तरी कडक होत नाही, आणि म्हणूनच त्याच्या पात्याची धार थोड्याच दिवसांत वळते. ४२० जे२ मध्ये क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाही आणि कार्बन ०.२६ ते ०.४० टक्के असतो. तापवून झटकन थंड केल्यावर हा कार्बन पोलादाच्या अणूंच्या जाळीत अडकून पडतो. त्या ताणलेल्या, कठीण रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून मार्टेन्साइट म्हणतात. शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी ओतलेले प्रसिद्ध गंजरोधक पोलाद याच कुळातले होते : क्रोमियम १२.८ टक्के, कार्बन ०.२४ टक्के. सुरी आणि स्टेनलेस यांचे नाते असे पहिल्यापासूनचे आहे.

पट्टी येते ती नरम अवस्थेत. त्या अवस्थेत ती कापणे, वाकवणे, भोके पाडणे सोपे जाते, आणि रिव्हेटची भोके तेव्हाच पाडून घ्यावीत, कारण कडक झाल्यावर साधा ड्रिल त्यावर चालत नाही. धारेकडची बाजू मात्र या टप्प्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ करू नये. आमची पहिली काही पाती त्यामुळे भट्टीतून वाकडी होऊन आली.

खरा धडा मिळाला तो टेंपरिंगमध्ये, म्हणजे विझवलेल्या पात्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा कमी उष्णतेवर तापवण्यात. पहिला घाणा आम्ही बाहेरच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दिला आणि ‘पाते चिवट हवे’ एवढेच सांगितले. त्याने ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर केले. कडकपणा ५० एचआरसी (रॉकवेल मापात) भरला, म्हणून आम्हीही समाधानाने माल उचलला. परंतु कोकम कापणाऱ्या घरांतून आठवड्याच्या आत तांबूस ठिपक्यांची तक्रार आली, आणि फणसाची पाव, म्हणजे मधला गाभा, चिरताना एक पाते टोकाकडून तुटले. कारण असे की साधारण ४२५ ते ६०० अंशांच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बनशी जोडले जाऊन बारीक कणांच्या रूपाने वेगळे पडते, गंज रोखणाऱ्या थराला ते कमी पडते आणि पोलादही ठिसूळ होते. कडकपणाच्या आकड्यात यातले काहीही दिसत नाही, म्हणून केवळ तो आकडा पाहून माल स्वीकारणे ही आमची चूक होती. त्यानंतर आम्ही लेखी सूचना देऊ लागलो : आधी ७८० अंशांना समतोल तापवणे, कारण हे पोलाद उष्णता सावकाश आत घेते, मग १०२० अंश, तेलात विझवणे आणि लगेच २०० अंशांवर टेंपरिंग. या घाण्यांचा कडकपणा ५२ एचआरसीच्या आसपास आला, आणि सात महिन्यांत त्यांपैकी एकही पाते तुटून परत आलेले नाही.

गंजाबाबत स्पष्ट सांगायला हवे. हे पोलाद ३०४ इतके गंजरोधक नाही. मिठाची मासळी कापून विळी रात्रभर ओली ठेवली तर डाग पडतात. धुऊन पुसली तर पाते महिनोन्‌महिने उजळ राहते. काही डागांचे मूळ आमच्याच कारखान्यात होते : ज्या चाकावर विळीचे लोखंडी पाय घासले जात, त्याच चाकावर पाती घासल्याने लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून गंजत होते. स्टेनलेससाठी चाक वेगळे ठेवल्यावर ते थांबले. धार लावताना पाण्याचा वापर हवाच. कोरड्या चाकावर कडेला निळी झाक आली की तेवढ्या भागाचे टेंपरिंग बिघडलेच म्हणून समजावे.

पाते पायाला वेल्ड करण्याचा प्रयत्नही केला आणि सोडून दिला, कारण गार होताना जोडाच्या शेजारीच तडा जातो. आता रिव्हेटच वापरतो.

खरेदी करताना चुंबकावर विसंबू नये. तो ३०४ वेगळे ओळखेल, पण ४१० आणि ४३० हे स्टेनलेसचे प्रकारही चुंबकाला चिकटतात; त्यांतले ४३० विझवून कडक होत नाही आणि ४१० पुरेसे होत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागावेच, शिवाय प्रत्येक लॉटमधला बोटभर तुकडा तापवून तेलात विझवावा आणि त्यावर कानस फिरवून पाहावी. कानस घसरली तर पट्टी कामाची, धरली तर ती पात्यासाठी घेऊ नये. कोयत्यासाठी मात्र आम्ही अजूनही पाट्याचेच पोलाद वापरतो, कारण लाकडावर बसणारा घाव ते अधिक चांगला सोसते.