ओट्यासाठी कडप्पा की ग्रॅनाइट?

कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला काळा चुनखडक. त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट, मोहस् मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं १ ते १० असं माप) कठीणपणा फक्त ३. ग्रॅनाइटात क्वार्ट्‌झ (७) आणि फेल्डस्पार (सुमारे ६). सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. म्हणजे कडप्प्यावर थेट भाजी चिरली तर ओरखडा दगडावर, ग्रॅनाइटवर चिरली तर धार सुरीची जाते. चिरायला लाकडी पाट घ्याच.

खरा फरक आंबटाचा. आमच्या जुन्या ओट्यावर लिंबाची अर्धी फोड रात्रभर उपडी राहिली. सकाळी तिथे फिकट, खरखरीत गोल वर्तुळ! पुसून जाईना, कारण तो डागच नव्हता. आम्लाने कॅल्साइट विरघळून पॉलिश खाल्लं होतं. चिंच, आमसूल, व्हिनेगर, सगळ्यांचं तेच. आई खोबरेल तेल चोळून ते झाकायची, चार दिवस चालायचं. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. मात्र फिकट रंगाचा घेतला आणि सीलर (दगडाची बारीक छिद्रं बुजवणारा लेप) लावला नाही, तर तेल-हळद मुरते. (दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बऱ्याचदा गॅब्रो किंवा डोलेराइट हा वेगळाच काळा खडक असतो. ओट्याला उत्तमच.)

कडप्पा स्वस्त पडतो, हे खरं. पण मी तो ओट्याखालच्या मांडणीला आणि बाथरूमच्या फळ्यांना वापरेन. वर ग्रॅनाइटच. सोलकढी वरचेवर होणाऱ्या घरात तर नक्कीच.