तळीराम करू की लिअरचा विदूषक?

ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये माझा भाचा आहे, तो दोन आठवडे डोकं खातोय, १५ मिनिटांच्या प्रवेशासाठी राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला दारुडा तळीराम घेऊ की शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला राजाचा विदूषक. परवा तलावपाळीला चहा पिताना पुन्हा तेच, समोर गडकरी रंगायतन, म्हणजे कौल कुठे जाणार उघडच होतं, पण म्हटलं थांब, एवढं सोपं नाहीये.

तळीरामाची अडचण म्हणजे तो सगळ्यांच्या ओळखीचा. नाटक १९१९ साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलं, गडकरी तेव्हा हयातही नव्हते, आणि अजून थर्टी फर्स्टला घोडबंदर रोडवर नाकाबंदी लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात 'तळीरामांवर कारवाई'. त्यामुळे एंट्रीलाच लोक हसायला तयार बसलेले असतात. आर्य मदिरा मंडळाची, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाची, सभा घेतलीस तर टाळ्या हमखास, पण मग ते स्किट झालं रे. माझ्या मते तळीरामाला नाटकाच्या नायकाचं, वकील सुधाकरचं, वाटोळं करायचंच नाहीये, त्याला प्यायला सोबत हवीय. सुधाकरची वकिलीची सनद अडकलीय, अपमान सहन होत नाहीये, आणि हा कारकून अगदी काळजीने पहिला पेला पुढे करतो. तिथे काटा येतो. पुढे तो सुधाकरच्या आधी मरतो, आणि उशाशी डॉक्टर नि वैद्य भांडतायत, आपण हसतोय आणि माणूस चाललाय.

विदूषकाला तर नावसुद्धा नाही. तो पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात येतो, पण त्याआधीच कळतं की धाकटी राजकन्या फ्रान्सला गेल्यापासून हा झुरतोय, म्हणजे विनोद करणारा माणूस आधीच दुःखी. लिअरला म्हणतो एक अंडं दे, मी तुला दोन मुकुट देतो, अंडं मधोमध फोडायचं, आतलं खायचं, उरली ती दोन कवचं म्हणजे मुकुट, आणि तू तुझ्या मुकुटाचे असेच दोन तुकडे करून दोन मुलींना वाटून टाकलेस. राजाला तोंडावर सुनावलं म्हणून सरदार केंट हद्दपार झाला, हा तेच रोज बोलतो आणि चाबकाच्या धमकीवर निभावतं. मग वादळात राजाबरोबर कुडकुडतो आणि तिसऱ्या अंकात 'मी दुपारीच झोपायला जातो' म्हणून जो जातो तो परत येतच नाही, मरण नाही, खुलासा नाही. मला हा जास्त आवडतो, खरं सांगायचं तर.

पण १५ मिनिटांत तो बसत नाही. त्याची गंमत साठत साठत येते, मधूनच तुकडा उचलला तर नुसता कोडी घालणारा पोरगा वाटेल, शिवाय शब्दांचे खेळ मराठीत आणताना निम्मे सांडतात. आणि समोर दणकट लिअर हवा, आपल्याकडे वयस्कर म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक काका, त्यांना चार ओळींच्या पुढे पाठांतर जमत नाही.

तेव्हा तळीराम घे म्हटलं, पण मंडळाचा नको, पहिल्या पेल्याचा घे, आणि पेला देताना अजिबात हसू नकोस. त्याला ते पटलंय. आता सुधाकर कोण करणार यावर अडलंय, कारण तो पेला बघून आधी नको म्हणणारा चेहरा ग्रुपमध्ये कोणाकडेच नाहीये.